कन्हानमार्गे वाडी: एका कैचीसाठी

शनिवारी सकाळी पावणेसातला स्कूटरवर पायाशी बुटांचा खोका ठेवला आणि रामदासपेठेतून निघाले. खोक्यात कागदी छताचा एक तुकडा होता. सोमवारी मॉडेल पुण्याच्या प्रदर्शनाला पाठवायचं होतं. तिथली अट एकच: फक्त कागद आणि गोंद. माझं छत अजून पुस्तकांच्या टेकूवर उभं होतं.

मॉडेल कराचीच्या हँगरचं. ब्रिटिश काळात एका अवाढव्य एअरशिपसाठी, म्हणजे वायू भरलेल्या उडत्या जहाजासाठी, ते बांधलं. जहाज वाटेतच कोसळलं, कराचीला पोचलंच नाही. पुढे हँगरही पाडलं. मी ते जुन्या फोटोंवरून एकास अडीचशे प्रमाणात करत होते.

छत मधोमध झोपायचं. आमच्या ऑफिसची पार्किंग शेड देवराव मिस्त्रींनी उभारली होती. त्यांना फोटो पाठवला. त्यांनी बोलून निरोप पाठवला, "कैची कमजोर हाये, बाई." नागपुरात कात्रीला कैचीच म्हणतात. मी इतवारीतून महागडी जपानी कैची आणली आणि सगळे भाग नव्याने कापले. कडा सुरेख आल्या. छत पुन्हा झोपलं. दोन दिवस मिस्त्री फोन उचलत नव्हते, म्हणून नवी कैचीही खोक्यात टाकली आणि त्यांचं कन्हानचं घरच गाठायचं ठरवलं.

कामठी रोड सकाळी आठच्या आत पार करावा, नंतर ट्रक वाट देत नाहीत. कामठीत तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागा, नाहीतर पुढचा रस्ता डोळे पुसत जातो. पूल ओलांडला की कन्हान.

दारात मिस्त्रींच्या पत्नी होत्या. "ते तं वाडीले गेले. फोन काहून नाही केला वं?"

"केला होता. उचलला नाही."

"कसा उचलन? फोन इथंच चार्जिंगले लावून हाये चार दिवसांपासून!"

वाडी शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. आउटर रिंग रोडने जा, लांब पडतो पण सिग्नल नाहीत. अमरावती रोडला लागल्यावर दोन्हीकडे गोदामं. एका नव्या गोदामाच्या सांगाड्यावर देवराव मिस्त्री दिसले. खाली उतरून त्यांनी खोका उघडला. छताच्या तुकड्याआधी हाती आली ती नवी कैची.

"हे काहून आणली?"

मी सांगितलं, शक्य तितक्या कमी शब्दांत. ते मागे वळून ओरडले, "ऐका गा! बाईनं कैची बदलली!" वरून तीन-चार माणसं हसली. मग त्यांनी बोट वर केलं. दोन खांबांच्या डोक्यावर टेकलेला लोखंडी त्रिकोणी सांगाडा. "तिले म्हणते कैची."

कॉलेजात चार वर्षं मी त्याला ट्रस म्हणत होते. कान गरम झाले, पण प्रश्न विचारायचाच होता. "मग माझी कमजोर का?"

त्यांनी तुकडा तळहातावर धरून बोटाने हलकेच ढकलला. कागदी कैच्या एका बाजूला कलंडल्या. "एकटी कैची झोपतेच. आम्ही पहिल्या दोन चढवतो, त्यायले आधी एकमेकीले तिरपं बांधतो. मंग बाकीच्या त्यायच्या भरवशावर." जुन्या फोटोंत ते तिरपे दुवे मला डाग वाटले होते.

निघताना त्यांनी विचारलं, "जहाज आलंच नाही म्हणता. मंग आत काय ठेवलं?"

"माझ्या माहितीप्रमाणे जहाज तर नाहीच."

"तरी कैच्या पक्क्या बांधल्या असन."

रविवारी दुपारपर्यंत सगळ्या कैच्यांच्या जोड्या कागदी पट्ट्यांनी तिरप्या बांधल्या. मग पुस्तकं एकेक काढली. शेवटचं काढून फूटपट्टी लावली: मधोमध वाक एक मिलिमीटरपेक्षा कमी. पाच मिनिटांनी पुन्हा मोजला, तेवढाच.

त्या फेरीचा खर्च म्हणजे पेट्रोल आणि पोहे. जपानी कैची आता दुधाच्या पिशव्या कापते. मिस्त्रींना फोटो पाठवला. यावेळी फोन त्यांच्या हातात असावा, उत्तर लगेच आलं: "बदलली काय मंग कैची?"

मी लिहिलं, "नाही. बांधली."