रिकाम्या पठारावरची वाहिनी

वीजखात्याच्या ऑफिसात सगळे त्यांना तारवाली बाई म्हणत. वीज कुठे तयार होते, कुठे लागते आणि मधली वाहिनी कुठे अपुरी पडते, हे नकाशावर मांडण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती.

पठारावर वारा भरपूर होता, पण दूरच्या केंद्राची वीज घेऊन तिथून खाली येणारी जुनी वाहिनी इतकी भरलेली, की दुपारी तासभर टोकाच्या वस्तीची वीज तोडावी लागे. त्याच टोकाला बाईंच्या धाकट्या भावाचा काचेच्या बरण्यांचा कारखाना होता.

"ताई, तुझी तार येईपर्यंत मी म्हातारा होईन," तो हसत म्हणायचा.

पूर्वी वीजकेंद्र आणि वाहिनी एकच खातं ठरवायचं. बाजार खुला झाल्यापासून ज्याला जिथे वाटेल तिथे तो केंद्र उभारू लागला. पवनचक्कीवाले म्हणत, आधी वाहिनी टाका. वरिष्ठ म्हणत, आधी त्यांना येऊ दे. बाईंनी दोघांचे उंबरठे झिजवले. शेवटी नव्या वाहिनीचा आराखडा वीज आयोगाच्या सुनावणीपर्यंत पोचला.

शहराजवळच्या केंद्राचा वकील उठला. वाहिनी अपुरी होती म्हणून तर त्यांची महाग वीज खपत होती. "पठारावर कोणी आलंच नाही, तर रिकाम्या तारेचा भार लोकांनी का सोसायचा?"

"पवनचक्की दीड वर्षात उभी राहते, वाहिनीला सात वर्षं लागतात," बाई म्हणाल्या. "ते येईपर्यंत थांबलो तर ते येणारच नाहीत."

आयोगाच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. "ते येतील, अशी खात्री देता?"

"खात्री नाही देता येत, साहेब. शक्यता सांगता येते."

आराखडा नामंजूर होऊन परत आला. "एक 'हो' म्हणायला काय जात होतं तुमचं?" बाईंचे वरिष्ठ साहेब जिन्यातच डाफरले.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली ती नऊ तास आलीच नाही. भावाची भट्टी विजेवरची. आतली काच दगडासारखी गोठली. बाई पोचल्या तेव्हा तो आणि भावजय पहार घेऊन भट्टी फोडत होते.

"माझं चुकलं रे," त्या म्हणाल्या.

"तू तरी काय करणार, ताई," तो म्हणाला. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. महिन्याभरात कारखाना बंद करून तो शहरात एका गोदामात खोकी बांधायच्या कामाला लागला. त्यानंतर त्याचे फोन कमी होत गेले.

पवनचक्कीवाले दुसरीकडे निघून गेले. वकिलाचं म्हणणं खरं ठरलं, कारण ते खरं ठरेल अशीच तजवीज झाली होती.

दोन वर्षांनी फेरआढाव्याचा कागद आला. टोकाच्या वस्तीची मागणी आता किती, ते भरायचं होतं. भावाच्या कारखान्यासमोर बाईंनी शून्य लिहिलं. बेरीज इतकी घसरली, की जुनी वाहिनीसुद्धा पुरेशी ठरली. नव्या वाहिनीची गरज नाही, असा शेरा त्यांनाच मारावा लागला. हिशेबात एकही चूक नव्हती. त्यांनी तो तीनदा तपासला, सही केली आणि कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला.