स्क्रीन काळी पडली तो शुक्रवार

बाबा कामतघरला कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. आमची खोली कारखान्याच्या पाठीला लागून, त्यामुळे भिंत दिवसभर थरथरायची. शिफ्टवरून ते आले की केसांत, भुवयांत कापसाचा तूस. आई घरी बसून तयार कापडाचे सुटे धागे कापायची आणि त्याच गठ्ठ्यांना टेकून मी अभ्यास करायची. लूमच्या आवाजाने बाबांचे कान अधू झाले, म्हणून आमच्याकडे "जेवलीस का" हेसुद्धा ओरडून विचारतात. अशा घरातून मी बीएस्सी कॉम्प्युटर केलं. आमच्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी सांगते, आणि सांगणारच.

पण डिग्री घेऊनही मी मानकोलीच्या गोदामात खोक्यांचे बारकोड स्कॅन करत उभी होते. सिस्टम सपोर्टच्या एका नोकरीसाठी ऑनलाइन टेस्टचा निरोप आला, तेव्हा गोदामातून सुटायची तेवढी एकच वाट दिसत होती. टेस्ट स्वतःच्या लॅपटॉपवर द्यायची, स्क्रीन शेअर करून.

लॅपटॉप जुना, बॅटरी मेलेली. चार्जर निघाला की खेळ संपला. त्यावर लिनक्स ही हलकी सिस्टम टाकली होती, कारण दुसरं काही त्याला झेपतच नव्हतं. पण मध्येच स्क्रीनवर आडव्या रेषा यायच्या आणि सगळं गोठायचं. दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा, म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या प्रोग्रामचा. ड्युटीवरून आले की मोबाइलवर शोधायचं, कमांड मारायची, पुन्हा त्याच रेषा. एक जण लिहितो कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभाच बदला, दुसरा लिहितो चुकूनही बदलू नका. वाचून वाचून कंटाळा आला होता.

टेस्ट शुक्रवारी दुपारी. तो वार मीच मागून घेतला होता; शुक्रवारी कारखान्याची सुट्टी, लूम बंद, आवाज नाही. सकाळी नवा ड्रायव्हर टाकायला लावला, तेवढ्यात नळाला पाणी आलं म्हणून हंडा घेऊन गेले. परत येते तर लॅपटॉप बंद आणि बाबा भिंतीवरच्या बटणापाशी उभे.

"हे कोणी बंद केलं?"

"मी. अक्षरं पळत व्हती, मंग सगळं काळं झालं. आन आतून घरघर चालूच! कापड न्हाय आन मशीन चालू?"

"अहो बाबा, ते आतल्या आत काम करत होतं!"

"धागा तुटला का पयली लूम बंद करायची, बाय. चालू ठेवली तर फुडचं सगळं कापड खराब."

आई मोरीतून ओरडली, "त्या डब्याची पन लूम करा आता! एक दिस सुट्टी, तीबी बटनं दाबायला!"

आयुष्यभर ज्या माणसाचा हात असाच बटणाकडे गेला, त्याला काय बोलणार?

ड्रायव्हर अर्धवट अडकला होता. चालू केलं की नुसती काळी स्क्रीन. मग मशीन सुरू होतानाच्या बूट मेनूत शिरले आणि सुरुवातीच्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द घातला. म्हणजे मशीनला सांगायचं, ग्राफिक्सचा थाट सोड, साधं चाल. ते चाललं. अर्धवट ड्रायव्हर काढून टाकला. अक्षरं जाडी, चित्र ताणलेलं, स्क्रीनचा उजेड कमी होईना. पण रेषा नाहीत. स्क्रीनवर एकामागून एक खिडक्या उघडून पाहिल्या, वाट पाहिली. गोठलं नाही. नवा ड्रायव्हर परत टाकावा का? वेळ होता. नको म्हटलं. चांगलं दिसण्याचा नाद आता पुरे.

"ह्याला आता कोनी हात लावायचा न्हाय," बाबांनी घरात जाहीर केलं.

"लावला व्हता कोनी?" आई म्हणाली.

दुपारी स्क्रीन शेअर केली तशी टेस्ट घेणाऱ्या बाईंनी पहिलंच विचारलं, "तुमची स्क्रीन अशी ताणलेली का दिसते?"

"ड्रायव्हर टाकताना मध्येच मशीन बंद झालं, मॅडम. म्हणून ग्राफिक्सशिवाय चालवतेय."

"कसं चालू केलंत?"

जे केलं ते ओळीने सांगितलं.

"टेस्ट पुढे ढकलायची का?"

"नको. यावर होईल."

खिडक्या रांगत उघडत होत्या, तरी पेपर पुरा केला. नोकरी मला लागली आणि मी गोदाम सोडलं.