वाघाने खाल्लेली शेजारची म्हैस

ती म्हैस मला आजही आठवते. खरे तर जिवंतपणी मी तिला कधी पाहिले नव्हते. ऐंशीच्या दशकात मी चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्यात फौजदार होतो. वनखात्याला नवी जीप मिळाली होती, आम्हाला सायकल. वनपाल धुरळा उडवत गेला की मी टोपी सारखी करण्याच्या निमित्ताने तोंड फिरवत असे.

एका विधवा अक्काची म्हैस वाघाने नाल्यात मारली. वनखात्याने पंचनामा केला, भरपाई मंजूर झाली. आणि तिचा चुलत दीर ठाण्यात हजर.

"वाघ कसाना, साहेब? तिनी म्हैस बाजारमा ईकी टाकी. दावं गोठामा टांगेल शे, दखी ल्या."

खान्देशात जनावर विकले तरी दावे देत नाहीत. दिले तर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. म्हणजे दावे घरी, तर म्हैस विकलेली. नाल्यात उरली होती ती हाडे, ती कोणत्या म्हशीची हे सांगता येईना; आणि दावे खरोखरच टांगलेले होते. भरपाई थांबली. अक्काचे घर त्या दुधावर चालायचे. गावात पोरे बोलू लागली, सरकार पैसे देत नसेल तर वाघाच्या पुढच्या शिकारीवर विष टाकू.

अक्का एवढेच म्हणाली, "भाऊ, मरेल ढोरनं दावं घरमा कोन आनस? हाई मनं नही."

दिराचा जबाब घ्यायला त्याच्या घरी गेलो. मी आपला चहाची वाट बघत बसलो होतो, तर अंगणातला बैल हिरव्या लुगड्याने बांधलेला.

"याचं दावं कुठे?"

"तुटनं."

"तुकडे दाखव."

तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

"अरे, म्हशीचंच दावं नाल्यातून आणून टांगायचं होतंस. मी फसलो असतो."

"मरेल ढोरनं दावं हातमा कसं धरू, साहेब?" तो मनापासून दचकला. मग खाली बसला. "मनी म्हैस रोगमा मरनी, कुत्रंबी ईचारं नही. तिनी वाघनी खादी, तं दारसे जीप उनी. बठ्ठा गाव तिना दारसे."

खोटी खबर दिल्याचा अहवाल मी पाठवला. भरपाई सुटली, अक्काने गाभण म्हैस आणली, विषाची भाषा थांबली.

वाघ वाचवायचा तर सरकारने मेलेल्या जनावराचे पैसे द्यावेतच. पण ज्याच्या दारात जीप येत नाही, तोही त्याच जंगलाशेजारी राहतो, हे मला त्या अंगणात कळले. अक्काला ते आधीच कळले असावे. म्हैस व्याली तेव्हा खरवसाचा पहिला डबा तिने दिराकडे पाठवला. तपास मात्र मी केला होता.