कोऱ्या बर्फावरचा डावा पाय

भूत, चकवा, अंगात येणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांधा, स्नायू, नस — बोट ठेवून दाखवता येईल तेवढंच मी खरं मानते. तेव्हा हे लिहिताना मला भीती वगैरे काही वाटत नाहीये. राग येतोय. इतकी वर्षं झाली तरी येतोय.

२००३-०४ चा सीझन. आम्ही उत्तर आयर्लंडला होतो. मंदार, म्हणजे माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये आणि मी एका व्यावसायिक आइस हॉकी टीमची फिजिओ. गावाचं, टीमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. पुण्याच्या मुलीला बर्फावरची हॉकी काय कळणार, असं घरच्या प्रत्येकाने विचारून झालं होतं. अहो, गुडघा तो गुडघाच, क्रिकेटवाल्याचा असो नाहीतर हॉकीवाल्याचा!

त्या खेळात एक रीत आहे. कुणाला कुठे लागलंय ते बाहेर सांगायचं नाही, कारण कळलं की समोरचे नेमके तिथेच धडकतात. म्हणून रिपोर्टमध्ये दोनच पर्याय — 'वरचं अंग' किंवा 'खालचं अंग'. खांदा निखळला, वरचं अंग. डोकं आपटलं, तेही वरचंच अंग! पहिले काही महिने मला याचं हसूच यायचं.

मिलान स्लोव्हाकियाचा, बत्तीस वर्षांचा, पुढचे तीन दात गायब. फेब्रुवारीत एका मॅचमध्ये त्याचं डोकं मैदानाभोवतीच्या काचेवर आपटलं. मी निमूटपणे 'वरचं अंग' लिहिलं. दोन आठवड्यांनी तो म्हणायला लागला, "आय अ‍ॅम ग्रँड." ग्रँड म्हणजे एकदम मस्त, हा शब्द त्याने तिथेच उचललेला. एका पायावर उभा राहिला, डोळे मिटून नाकाला बोट लावलं... सगळं चोख. पण जिना उतरताना कठडा धरायचा. विचारलं तर नुसता हसायचा. त्याचं काँट्रॅक्ट सीझनबरोबर संपणार होतं आणि याना, त्याची बायको, सातव्या महिन्यात होती.

मॅचच्या दिवशी सकाळी दहाला प्रॅक्टिस असे. त्याआधी शेमस, म्हणजे रिंकचा, त्या बर्फाच्या मैदानाचा जुना माणूस, यंत्र फिरवून बर्फावर पाण्याचा हात मारायचा. पाच-दहा मिनिटांत बर्फ कोरा करकरीत. त्या सकाळी मिलान माझ्या टेबलावर पालथा पडला होता आणि मी त्याची मान दाबत होते. शेमस तणतणत दारात आला.

"माझ्या बर्फावर कोण उतरलं? आत्ता हात मारलाय मी!"

मी बाहेर जाऊन पाहिलं. खेळाडूंच्या बाकापासून समोरच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत स्केट्सच्या खुणा होत्या. उजव्या पायाचे तिरके, स्वच्छ काप. आणि डाव्या पायाची एक सलग, खरबरीत रेघ... पाय उचललाच जात नसल्यासारखी. कोपऱ्यातल्या कुंपणाच्या फळ्यांपाशी खुणा संपल्या. परत येतानाच्या खुणाच नव्हत्या.

माणसाची चाल वाचणं हाच माझा धंदा आहे. मेंदूला मार बसला की पाय असा ओढला जातो. मी धावत आत आले. मिलानला उठवून बसवलं, दोन्ही चवडे वर खेचायला सांगितले आणि वरून हाताने दाबले. उजवा घट्ट. डावा माझ्या बोटांखाली ढिला पडला. नेमकं एवढंच मी आधी तपासलं नव्हतं! मिलानने माझं मनगट पकडलं, म्हणाला, "प्लीज, कुणाला सांगू नका."

मी मॅनेजरला बोलावून आणलं. शेमसने पुन्हा यंत्र फिरवलं. आम्ही तिघं काचेपाशी उभे राहिलो. बर्फावर चिटपाखरूही नाही. पाणी गोठलं... आणि आमच्या डोळ्यांदेखत रेघ उमटायला लागली. बाकापासून निघाली आणि हळूहळू कोपऱ्याकडे सरकली. आवाज अजिबात नाही. शेमसने छातीवर क्रॉस काढला.

आणि मॅनेजरने काय करावं? घड्याळ पाहिलं!

"परत हात मार," तो शेमसला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "फिटनेसचा फॉर्म आण."

"तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं. मग? संध्याकाळी मॅच आहे. तुझं वर्क परमिट मार्चमध्ये संपतंय ना?"

मी मंदारला फोन लावला.

"अगं, तू फिजिओ आहेस की ज्योतिषी?" तो हसायला लागला.

"रेघांचं सोड रे. त्याचा पाय ढिला आहे, मी स्वतः तपासलाय."

"मग डॉक्टर बघतील ना. तू कशाला वाईटपणा घेतेस? सही कर आणि मोकळी हो."

आणि मी केली सही. ठेवा मला नावं, मी ऐकून घेईन.

दुसऱ्या सत्रात मिलान पकच्या, म्हणजे त्या रबरी चकतीच्या मागे त्याच कोपऱ्यात गेला. डावीकडून धडक आली. त्याला वळायचं होतं, ते मला दिसलं. डावा पाय वळलाच नाही. फळ्यांना टेकून तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. क्लबने बाहेर काय सांगितलं असेल? 'वरचं अंग'! हरामखोर सगळे. त्यात मीही आले.

मिलान जगला. आता त्याच्या गावी असतो, चाकाच्या खुर्चीत. मुलगी झाली, तिला त्याने उभ्याने कधी उचललं नाही.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये यानाने माझे दोन्ही हात धरले होते. तोडक्या इंग्रजीत तिने विचारलं, "आधी कुणालाच काही दिसलं नाही?" मॅनेजर शेजारीच उभा होता. मी म्हणाले, "नाही."

मंदार म्हणतो, बर्फाखालच्या गारव्याच्या पाइपांमुळे तडा गेला असेल. तड्याला डावा-उजवा पाय कळतो का? त्या रेघा कुणी काढल्या, मला आजही सांगता येत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला माहीत असेल तर कळवा. यानाला 'नाही' कोण म्हणालं, ते मात्र मला पक्कं माहीत आहे.