भिकाजी मेस्त्रीचं गप्प इंजिन

"एका पात्याच्या वर फट मी ठेवचंय नाय, बाय. माझां इंजिन वाजूक लागात."

"वाजांदे. गेल्या वर्षी तुझां गप्प इंजिन माका दर्याच्या तोंडात घेवन गेलां, तां इसारलंस?"

भिकाजी मेस्त्री विसरला नव्हता. म्हणून तर तो बहिणीकडे न बघता समोर गोणपाटावर मांडलेल्या पिस्टनांकडे बघत बसला. देवबागला सुगंधाच्या पडवीत सकाळपासून हे चाललं होतं. चहा झाला, पेज झाली, पेजेबरोबर बांगड्याचं तिखलं झालं, आणि दर वेळी भांडण जिथं सोडलं तिथूनच पुन्हा उचललं गेलं.

सुगंधा त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, लाँच विकून टाक, बाईमाणसाचं काम नव्हे. तिने विकली नाही. 'सातेरी'वर लाँच हाकायला बाबलीला तांडेल ठेवलं आणि देवबागहून पलीकडे भोगव्याला उतारू न्यायचं काम स्वतः धक्क्यावर उभं राहून चालू ठेवलं. लाँचचं बाकी सगळं ती बघायची. इंजिनाला मात्र भिकाजीशिवाय कुणाचा हात लागलेला तिला खपत नसे.

भिकाजी पोरवयात मामाबरोबर मुंबईला गेला तो लॉऱ्यांच्या कारखान्यात चिकटला. पंचावन्न-छप्पन साली गावी परतला तेव्हा बरोबर एक लोखंडी पेटी आणि तेलाचा वास एवढंच होतं. त्या काळात खाडीत शिडं आणि वल्ही. लॉरीचं जुनं इंजिन होडीत बसवतो म्हणाला तेव्हा लोक हसले. बसवलं तेव्हा बघायला आले. आणि मग त्याच्याबद्दल एक वाक्य मालवणच्या बाजारापर्यंत जाऊन पोचलं: भिकाजीने जुळवलेलं इंजिन चालू आहे की बंद, ते कळायला धूर बघावा लागतो. कुणी हे म्हटलं की तो ऐकलंच नाही असं दाखवी. मग त्याच दुकानात उगीच आणखी एक विडी पेटवून उभा राही, पुन्हा कुणी म्हणतं का बघायला.

या गप्पपणाचं सगळं गुपित फटीत होतं. पिस्टन सिलिंडरमध्ये उतरवायचा, त्याच्या आणि भिंतीच्या मधे फिलरचं, म्हणजे फट मोजायच्या मापाचं, पातळ पोलादी पातं सारायचं आणि दोन बोटांनी ते ओढून काढायचं. भिकाजी डोळे मिटून ओढी. खोबरेल लावलेल्या केसांतून फणी निघते तसं ते निघालं पाहिजे, जरा धरत, पण ओरबाडत नाही. तसं निघालं की तो नुसता "हां" म्हणे, आणि त्या इंजिनाचा खडखडाट पुढची कैक वर्षं कुणाच्या कानावर येत नसे.

मग सत्यवानाने ते पिस्टन आणले. सत्यवान सुगंधाचा धाकटा दीर, बोटीवर खलाशी. वहिनीच्या लाँचला काही तरी चांगलं द्यावं म्हणून कुठल्याशा परक्या बंदरातून त्याने घडीव पिस्टन आणले. भिकाजीने आजवर बसवले ते सगळे ओतीव, धातू वितळवून साच्यात ओतलेले. हे ठोकून घडवलेले, हातात घेतल्याबरोबर कळावं इतके पक्के. पण त्या घडीव धातूला एक खोड होती. तापला की तो ओतीवापेक्षा जास्त फुगे. फट मोठी ठेवली तर इंजिन गार असेपर्यंत पिस्टन भिंतीवर खडखडणार. लहान ठेवली तर तापल्यावर फुगून अडकणार. मुंबईत लॉरीला असले पिस्टन बसवताना भिकाजीने पाहिलं होतं. तिथे चालली तेवढीच फट त्याने इथे ठेवली, वर आपल्या नावाला जपून आणखी जराशी कमीच, एका पात्याएवढी.

लाँच अशी गप्प चालली की बाबली सारखा वाकून इंजिनाकडे बघायचा. आणि मग एक दिवस वऱ्हाड घेऊन भोगव्याला जाताना, ऐन सुकतीच्या पाण्यात, गळा आवळावा तसं ते बंद पडलं. पाणी समुद्राकडे ओढत होतं. लाँच खाडीच्या तोंडाला, लाटा फुटतात तिथे, जाऊ लागली. सुगंधा स्वतः लाँचवर होती. शेवटी नवऱ्यामुलाने मुंडावळ्या कानामागे सारल्या, वल्हं धरलं आणि बाबलीच्या जोडीने लाँच रेतीला लावली. जिवाला कुणाच्या काही झालं नाही, पण मुहूर्त टळला, आणि त्या नवरीच्या माहेरची माणसं अजून होडीने पलीकडे जातात.

भिकाजीने तेलाला दोष दिला. मग बाबलीला दिला. इंजिन उघडलं तेव्हा चारही पिस्टन एकाच जागी ओरबाडलेले होते. त्याने जुने ओतीव पिस्टन घातले आणि लाँच वर्षभर काळा धूर ओकत चालली. गणपतीत मात्र, आरतीनंतर दोघंच बसली असताना, त्याने बहिणीला खरं सांगितलं. लॉरीचं सगळं इंजिनच तापतं, पिस्टनाबरोबर भिंतही थोडी फुगते. होडीत भिंतीला खाडीचं गार पाणी फिरतं. भिंत आहे तिथेच राहते आणि आत पिस्टन फुगत जातो. त्याने लॉरीचं माप होडीला लावलं होतं.

सुगंधाने ते कुणाला सांगितलं नाही. बाबलीलाही नाही. आता सत्यवानाने दुसरा जोड आणला होता, आणि आज तिने ती गोष्ट पेजेच्या ताटावरून शांतपणे बाहेर काढली.

"गणपतीक तूच सांगितलंस मा? थंड भिंत, तापलेलो पिस्टन. मगे ठावक आसा तर हट कित्याक?"

भिकाजी बराच वेळ पिस्टनावरचं नसलेलं तेल पुसत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "सकाळची पयली फेरी. धक्क्यार सगळो गाव. इंजिन खोकूक लागलां की म्हणतले, भिकाजीचो हात गेलो."

एवढंच होतं तर. सुगंधाला ते सकाळपासून माहीत होतं, पण त्याच्या तोंडून यायला पेजेपर्यंतचा वेळ लागला. ती जरा पुढे सरकली.

"गार आसता तेवढ्यापुरतांच वाजतलां मा? तापलां की गप्प?"

"गप्प."

"मगे मी बाबलीक घेवन उतारू येवच्या आधीच धक्क्यार जातलंय. इंजिन चालू करून ठेवतलंय. माणसां येतली तेव्हा तुझां इंजिन गप्पच आसतलां."

"आणि जी लवकर येतली ती?"

"त्यांका सांगान, माझो घसो बसलो आसा. मीच खोकतंय."

भिकाजीला हसू आलं होतं. ते दिसू नये म्हणून त्याने खाली वाकून पिस्टन एकेक करून गोणपाटात गुंडाळायला घेतले. पेटीतून फिलरची पाती काढली. एक पातं उजेडात धरलं. मग दुसरं काढून त्याच्यावर ठेवलं आणि दोन्ही मिळून बोटांत चाचपून बघितली.

"भिकू," सुगंधा म्हणाली. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं. "तुझ्या नावाक मी सांभाळतंय. माझ्या माणसांक तू सांभाळशीत काय?"

त्याने दोन्ही पाती खिशात घातली, सिलिंडर आतून घासून फट वाढवायचा दगड उचलला, गोणपाट काखेत मारलं आणि माडांतल्या खोपीकडे, इंजिन खोलून ठेवलं होतं तिथे, चालू लागला.