हरणांच्या हिवाळी मुक्कामी चकली

लग्नानंतर तीन वर्षं माझी प्राणिशास्त्रातली एम.एस्सी. टोकियोजवळ उरायासुच्या फ्लॅटमध्ये साड्यांखाली पडून होती. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात नवऱ्याला कंपनीने दोन महिन्यांसाठी जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदोला पाठवलं आणि तिथल्या लायब्ररीत मला एक कागद लावलेला दिसला: हरणं मोजायला माणसं हवीत. मी तिथेच टुणकन उडी मारली. हरणांचा अभ्यास करणारे म्हातारे सेन्सेई, म्हणजे सर, म्हणाले, "एक दिवस येऊन पाहा. जमलं तर आरुबाइतो देईन." आरुबाइतो म्हणजे पार्टटाइम नोकरी. मला ती इतकी हवी होती की आदल्या दिवशी जेवण गेलं नाही.

डोंगरात बर्फ साचला की तिकडची हरणं कळपाकळपाने खाली उतरतात, जिथे बर्फ कमी आणि झाडी दाट तिथे. बुटक्या बांबूची पानं खातात, ती बर्फाखाली गेली की झाडांच्या साली. आम्ही गोठलेल्या तळ्याकाठी बसलो. अट एकच, आवाज नाही. मला गप्प बसवणं आईलाही कधी जमलं नव्हतं, पण मी तोंडाला कुलूप लावलं. दोन तासांत झाडीतून जेमतेम एकोणीस हरणं दिसली. मला मरणाची भूक लागली. बोलायचं नाही हे ठरलं होतं, खायचं नाही असं कुठे कोणी म्हणालं होतं? मी डबा उघडला आणि चकली चावली.

त्या थंडीत चकली काय वाजली म्हणून सांगू! झाडीतले सगळे कान आमच्याकडे वळले आणि अख्खा कळप उठून तळ्यावरून रांगेने पळत सुटला, पांढरी बुडं उडवत! इतकी हरणं होती तिथे? मी खुळ्यासारखी हसत सुटले. सेन्सेईंच्या हातातलं मोजायचं यंत्र टकटक करत होतं. बासष्ट.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हिवाळ्यात ती अंगातल्या चरबीवर जगतात," ते म्हणाले. "एकदा पळवलं की तेवढी चरबी गेली." माझं हसू जागीच विरलं. हरणांची कीव आली, स्वतःची लाज वाटली. गेली नोकरी चकलीपायी.

"उद्या सहाला निघू," ते म्हणाले. "डब्यात मऊ काहीतरी आणा."

मी फक्त 'उद्या' ऐकलं. आनंदाने अशी किंचाळले की झाडीत दबून राहिलेली दोन हरणंही उठून पळाली.

सेन्सेईंनी यंत्र आणखी दोनदा दाबलं. "चौसष्ट."