पद्माक्का आणि ओली मोळी

पद्माक्का लाकूड दिसलं की वाजवून बघायची. दोन ढलप्या एकमेकींवर आपटायची आणि कान तिरका करायची. खणखणीत आवाज आला तर वाळलेलं, बद्द वाजलं तर ओलं. कुणी जेवायला बोलावलं तरी आधी चुलीजवळचं सरपण वाजवणार, मग पाटावर बसणार. लोक हसायचे. मी कधी हसलो नाही. ही सवय तिला कशानं लागली ते मला ठाऊक आहे.

मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. गोड लिहिता येत नाही, म्हणून घडलं तसंच लिहितो.

निपाणीपासून दोन कोसांवर, वेदगंगेच्या काठी आमचं गाव. दवाखान्याच्या मागं बाळंतपणाची एक खोली होती. पद्माक्का तिथली नर्स. चिकोडीकडची जैन, लहानपणीच विधवा झालेली, मिरजेला जाऊन शिकलेली. ठेंगणी बाई, पण दंड पैलवानाचे. घरी कानडी, आमच्याशी मराठी. रागावली की 'साकु' म्हणायची, म्हणजे पुरे. त्यापुढं कुणाची बोलायची छाती नव्हती.

दवाखान्याच्या कमिटीचे चेअरमन तंबाखूच्या वखारीचे मालक होते. त्यांनी नियम काढला. "खोली सरकारची, नर्स सरकारची. पाणी तापवायचं सरपण तरी ज्याचं त्यानं आणावं. फुकट मिळालं की लोकास्नी किंमत ऱ्हात न्हाय." वाळलेली मोळी आधी, दार मग.

पद्माक्का कमिटीपुढं उभी राहिली. "मालक, कळा काय हंगाम बघून येत्यात? पावसात वाळलेलं सरपण बाईनं कुठनं आणायचं?"

"मग उन्हाळ्यात बाळंत व्हावं," चेअरमन म्हणाले. सगळी कमिटी हसली.

त्याच वर्षी आषाढात माझी बायको कासा अडली. मी तिला गाडीत घातली, वर पोतं पांघरलं, शेजारी मोळी टाकली. चेअरमन त्या दिवशी स्वतः व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. आत दुसरी बाई अडली होती, पद्माक्का तिच्यापाशी होती. चेअरमननी छत्रीच्या टोकानं मोळी दाबून बघितली.

"ही ओली हाय भैरू. वाळलेली आण."

"मालक, तिला आत तरी घ्या. मी आणतो."

"एकाला सोडलं की उद्या सगळेच येतील. जा, पळ."

आणि मी पळालो. ह्या ओळीशी माझा हात अजून थांबतो. त्याला खुर्चीसकट उचलून चिखलात फेकायचं सोडून मी सरपण आणायला पळालो. घरचं भिजलेलं, शेजारचं भिजलेलं. शेवटी गोठ्याच्या दाराच्या फळ्या फोडल्या. परत आलो तेव्हा पद्माक्का गाडीत गुडघ्यावर बसलेली, रक्तानं भरलेली. बाळ पोत्यावरच झालं आणि पोत्यावरच गेलं. कासा तापानं तिसऱ्या दिवशी गेली.

शेजारी म्हणाले, नशीब. पद्माक्का माझ्यासमोर येऊन बसली. "नशीब म्हणू नगंस भैरू. नियम हाय ह्यो. नशिबाला तोंड न्हाय, नियमाला हाय. त्ये तोंड ध्यानात ठेव." कासाची ओली मोळी तिनं खोलीला लागून असलेल्या पडवीत चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली. "हिला हात लावायचा न्हाय. ही एकाची हाय."

पुढच्या चैत्रात ती घरोघर निघाली. मी कुऱ्हाड घेऊन तिच्या मागं. ऊन आहे तोवर प्रत्येक घरानं मोळी द्यायची, घरात पोटुशी असो नसो. ज्याला झाड नाही त्यानं फोडून द्यावं. ज्याला फोडणं होत नाही त्यानं झाड दाखवावं. एक म्हातारा उसळला. "माझ्या घरात बाईमाणूसच न्हाय, मी का देऊ?"

"तू काय बांधावर उगवलास व्हय रं आप्पा? कुणाच्या तरी पोटातनंच आलास न्हवं? मग टाक मोळी."

म्हाताऱ्यानं दोन टाकल्या. दवाखान्याच्या भिंतीला छपरापर्यंत सरपण लागलं आणि आमच्या गावात दारात मोळी मागायची पद्धत बंद पडली. एकटे चेअरमन म्हणाले, "माझ्या घरची बाई त्या खोलीत पाय ठेवणार न्हाय. मी का द्यावं?" पद्माक्का नुसती मान हलवून पुढच्या घरी गेली.

दुसऱ्या वर्षी वेदगंगेला पूर आला. निपाणीची वाट बंद, आणि चेअरमनची सून अडली. भर दुपारी गाडी दवाखान्यापुढं थांबली. मी दारात आडवा उभा राहिलो. दोन वर्षं ह्याच घटकेसाठी तिथं फुकट लाकडं फोडत होतो.

"मोळी कुठं हाय, मालक?"

आतनं पद्माक्का आली, मला एका हातानं बाजूला सारलं. "साकु, भैरू. पोरीनं तुझं काय केलंय?" सुनेला काखेत धरून तिनं आत नेलं. मग मागं वळली. "सून आत. सासऱ्यानं चुलीपाशी बसायचं. भैरू, फळीवरची मोळी काढ."

बाहेर सरपणाची भिंत उभी होती. तरी मी तीच काढली. दोन वर्षांच्या धुरानं काळी झालेली. पद्माक्कानं दोन ढलप्या चेअरमनच्या कानाशी आपटल्या. खणखण वाजल्या.

"आता वाळलीया. कासाची हाय. त्या दिवशी तुम्ही परत लावली ती. घाला चुलीत, तुमच्या हातानं."

चेअरमननी एकेक लाकूड घातलं. मी समोर बसून शेवटच्या ढलपीपर्यंत बघितलं. आत पोर रडलं तेव्हा पद्माक्का गरम पाणी न्यायला आली. "तुमचा नातू कासाच्या पाण्यानं धुतीया मी, मालक. आता विसरून दाखवा."

त्यांना विसरता आलं नाही. दर चैत्रात पहिली गाडी त्यांची यायची. लोक म्हणायचे, माणूस सुधारला, भैरू, सोड आता. मी सोडलं नाही.

स्वातंत्र्य आलं त्या साली पद्माक्का गेली. प्रत्येक घरानं तिच्यासाठी एक मोळी आणली. चेअरमन, म्हातारे झालेले, स्वतःच्या डोक्यावर मोळी घेऊन मसणवटीत आले. मी वाटेत उभा राहिलो. आजारात आक्कानं मला सांगून ठेवलं होतं.

"ही हितं नगं, मालक. तुमची मोळी खोलीच्या चुलीला न्या. आक्काचा निरोप हाय, तुमचं लाकूड बाळंतिणीच्याच पाण्याला लागावं."

ते डोक्यावरचं ओझं तसंच घेऊन वळले. चढाची वाट, वरनं ऊन. दोनदा थांबले, मानेवरचा घाम पुसला. मी हाक मारली असती तर कुणीतरी ओझं घेतलं असतं.

मी हाक मारली नाही.